कार्लाइल १९१२: कॉलेज नसलेल्या शाळेचा कॉलेज फुटबॉलमधला हंगाम

खेळिया

ऑलिंपिकच्या धाग्यावर मागे जिम थॉर्पचा विषय निघाला आणि सगळी चर्चा त्याच्या काढून घेतलेल्या पदकांवरच अडकली. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकहून परतल्यावर दोन-अडीच महिन्यांत तो ज्या संघाचा कप्तान म्हणून मैदानात उतरला, त्या संघाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

संघ पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलचा. इंडियन म्हणजे अर्थातच अमेरिकेचे मूलनिवासी. कॅप्टन रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये जुन्या बराकींत ही शाळा काढली. शेकडो मैलांवरून मुलं आणायची, आल्या आल्या केस कापायचे, नावं बदलायची, आपली भाषा बोलताना सापडलं तर शिक्षा. अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम. पहिल्या तुकडीतल्या ल्यूथर स्टँडिंग बेअर या लाकोटा मुलाने लिहून ठेवलंय की फळ्यावर इंग्रजी नावं लिहिली होती आणि त्याला हातात छडी देऊन एकावर बोट ठेवायला सांगितलं. त्याला एक अक्षरही वाचता येत नव्हतं. ज्यावर छडी टेकली ते 'ल्यूथर'. प्रॅटचं धोरण त्याच्याच १८९२ च्या भाषणात आहे: माणसातला इंडियन मारा आणि माणूस वाचवा.

म्हणजे हे कॉलेज नव्हतंच. पण विशीतली मुलंही इथे शिकत होती आणि फुटबॉल (अमेरिकन, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा) ती हार्वर्ड, प्रिन्स्टन, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांच्याशी खेळत होती. सुरुवातीला गावातल्याच डिकिन्सन कॉलेजशी खेळताना एका मुलाचा पाय मोडला, तेव्हा प्रॅटने बाहेरच्या संघांशी खेळणं बंद केलं. मुलं शिष्टमंडळ घेऊन त्याच्याकडे गेली. त्याने दोन अटी घातल्या: समोरच्याने मारलं तरी उलट हात उचलायचा नाही, आणि काही वर्षांत देशातल्या सगळ्यात मोठ्या संघांना हरवून दाखवायचं. दोन्ही अटींमागे हिशेब एकच, शाळेची जाहिरात. मुलांना मात्र खेळायचं होतं.

आता १९१२. त्या वर्षी नियम बदलले. दहा यार्ड पुढे सरकायला आधी तीन प्रयत्न मिळत, आता चार झाले. टचडाउनचे, म्हणजे चेंडू घेऊन गोलरेषेपार जाण्याचे, ५ ऐवजी ६ गुण. मैदान ११० ऐवजी १०० यार्डांचं आणि पुढे फेकलेल्या पासवरची २० यार्डांची मर्यादा गेली. हे सगळे बदल चपळ संघाच्या पथ्यावर पडणारे होते.

हंगाम २१ सप्टेंबरला सुरू झाला. ऑलब्राइट ५०-७, लेबनन व्हॅली ४५-०, डिकिन्सन ३४-०, व्हिलानोवा ६५-०. मग वॉशिंग्टन अँड जेफरसनने ०-० असं रोखलं. सिराक्यूजने आदल्या वर्षी एका गुणाने (१२-११) हरवून कार्लाइलचा अपराजित हंगाम घालवला होता, त्यांचा हिशेब ३३-० असा चुकता झाला. पिट्सबर्ग ४५-८. २६ ऑक्टोबरच्या शनिवारी वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनला ३४-२० ने हरवलं, मग थेट कॅनडाची गाडी, आणि सोमवारी टोरंटोत ४९-१. तो १ छापण्यातली चूक नाही, कॅनडाच्या नियमांत किकवर एक गुण मिळू शकतो. नंतर लीहाय ३४-१४.

९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंट. समोर आर्मी, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या अकादमीचा संघ. अमेरिकी लष्कराने लाकोटांचं केलेलं वुंडेड नीचं हत्याकांड डिसेंबर १८९० मधलं, जेमतेम बावीस वर्षांपूर्वीचं. या मुलांच्या आईवडिलांच्या पिढीने त्याच लष्कराशी लढाया केल्या होत्या. आर्मीच्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा कॅडेट होता. पहिला टचडाउन आर्मीचा, ६-०. त्यानंतरचे सगळे २७ गुण कार्लाइलचे! जो बर्जीचा एक टचडाउन आणि अ‍ॅलेक्स आर्कासाचे तीन. थॉर्पची कीर्ती ज्या सामन्यामुळे सर्वाधिक गायली जाते त्यात त्याच्या नावावर एकही टचडाउन नाही. सगळी आर्मी त्याच्यामागे धावत होती आणि चेंडू आर्कासाकडे होता. आर्मीचा कप्तान डेव्होर समोरच्या जो गायनला आवरताना इतका चिडला की मारामारीबद्दल त्याला मैदानाबाहेर काढलं. प्रॅटची पहिली अट आठवा.

पुढच्याच शनिवारी पेनसिल्व्हेनियाने ३४-२६ ने हरवलं, हंगामातला एकमेव पराभव. मग स्प्रिंगफिल्ड ३०-२४ आणि थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ब्राउन ३२-०. एकूण १४ सामने, १२ विजय, एक पराभव, एक बरोबरी. केलेले गुण ५०४, दिलेले ११४.

प्रशिक्षक ग्लेन 'पॉप' वॉर्नर याच्यावर बरंच लिहिलं गेलंय. मला ते एकतर्फी वाटतं. वॉर्नर हुशार होता, यात वादच नाही. पण चाली कागदावर आखणं वेगळं आणि त्या पळवणं वेगळं, आणि क्वार्टरबॅक (मैदानात चाली पुकारणारा खेळाडू) गस वेल्श मैदानात काय करत होता याचा उल्लेख सहसा अर्ध्या ओळीत उरकतात.

---

काका_कोल्हापूर

खेळियाभाऊ, लई भारी. मी 'फुटबॉल' वाचून पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाच्या तयारीत धागा उघडला होता, आत बघतो तर चेंडू हातात! पण सोडवेना.

एक विचारतो. ही पोरं वजनाने हलकी होती असं सगळीकडे म्हणतात. मग या खेळात, जिथे रेड्यासारखी माणसं एकमेकांवर आदळतात, तिथे ती जिंकत कशी होती?

---

खेळिया

काका, प्रश्न मुद्द्याचा आहे. जुना खेळ खरंच नुसता रेटारेटीचा होता. हातात हात गुंफून सगळ्यांनी एका जागी घुसायचं. १९०५ च्या एका हंगामात देशभरात अठराच्या आसपास मुलं मेली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून सुधारा म्हणून सांगितलं. १९०६ पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली.

मोठ्या कॉलेजांना ते फेकणं जरा कमीपणाचं वाटायचं. कार्लाइलने १९०७ मध्ये ते सरळ उचललं. पीट हाउझर फिरता, लांब पास फेकायचा. त्या वर्षी त्यांनी पेनसिल्व्हेनियाला २६-६ ने धुतलं आणि फक्त प्रिन्स्टनकडून हरले.

त्याही आधीची, १९०३ ची हार्वर्डविरुद्धची गंमत तर प्रसिद्धच आहे. किक झेलल्यावर सगळे घोळक्यात जमले आणि चार्ली डिलनच्या जर्सीत पाठीमागून चेंडू सरकवला. जर्सीला आतून इलॅस्टिक शिवून घेतलं होतं. हार्वर्डवाले चेंडू शोधत मैदानभर फिरतायत आणि डिलन दोन्ही हात मोकळे हलवत गोलरेषेपार! सामना मात्र हार्वर्डने १२-११ ने घेतला.

आर्मीविरुद्ध वॉर्नरने मागच्या फळीतले दोघे लाइनच्या दोन टोकांना बाहेर उभे केले. त्यामुळे चेंडू कुठून कुठे जाणार ते समोरच्याला शेवटपर्यंत कळत नसे. तुमच्या कबड्डीत एकाने हूल द्यायची आणि भलत्यानेच पकड करायची, तसंच काहीसं.

---

उंटावरचा_शहाणा

लेख चांगला आहे, पण रोमँटिक होतोय. आर्मीच्या सामन्याआधी वॉर्नरने 'यांच्या बापांनी तुमच्या बापांना मारलं' असं भाषण दिल्याची गोष्ट जिथे तिथे असते. तुम्ही ती टाळलीत, बरं केलंत. असल्या गोष्टी पुढे सांगता सांगता वाढतात. आयझेनहॉवरचा गुडघा थॉर्पने मोडला ही तशीच एक. गुडघा गेला तो पुढच्या आठवड्यात टफ्ट्सविरुद्धच्या सामन्यात.

माझी मुख्य हरकत वेगळी आहे. या विजयांना 'बदला' म्हणायचं की त्या शाळेच्या यंत्रणेचा सगळ्यात यशस्वी विभाग म्हणायचं? शनिवारी वीस-वीस हजार गोरे प्रेक्षक तिकीट काढून येत, 'सुधारलेले' इंडियन पाहत, टाळ्या वाजवत आणि शाळा चांगलं काम करते असं समजून घरी जात. कार्लाइल जितकं जिंकत गेलं तितकी ती शाळा पक्की होत गेली.

---

टवाळखोर

शहाणे उंटावरून उतरले, चर्चा आता शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

हॅरिसबर्गकर

मी इथून अर्ध्या तासावर राहतो. कार्लाइल आज ट्रकचं गाव आहे. आय-८१ आणि टर्नपाइक दोन्ही जवळून जातात, त्यामुळे गोदामं आणि ट्रक थांबे. उन्हाळ्यात जुन्या गाड्यांची प्रदर्शनं. आमच्या मंडळातल्या अर्ध्या लोकांना कार्लाइल म्हटलं की तेवढंच माहीत.

शाळेची जागा आता आर्मी वॉर कॉलेजच्या ताब्यात आहे. लष्करी तळ असल्याने फाटकावर ओळखपत्र दाखवून परवानगी घ्यावी लागते. आत जुना मैदानाचा भाग आहे, स्टँडही आहे. पण माणूस थांबतो ते दफनभूमीपाशी. एकसारखे पांढरे दगड, लष्करी पद्धतीचे, १८० च्या आसपास. बहुतेक क्षयाने आणि साथींनी गेलेली मुलं. काही दगडांवर नावच नाही. ही मूळ जागाही नव्हे, १९२७ मध्ये सगळी थडगी हलवून इथे आणली. २०१७ पासून वेगवेगळ्या जमाती आपापल्या मुलांचे अवशेष परत नेतायत, सुरुवात नॉर्दर्न अरापाहोंनी केली. डिसेंबर २०२४ मध्ये ही जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली.

शहाणे म्हणतात ते मला पटतं, पण अर्धंच. जाहिरात शाळेची होती हे खरं. धावणारे पाय कुणाचे होते?

---

अबोली

खेळातलं मला ओ की ठो कळत नाही, तरी सगळं वाचलं.

थोडं अवांतर, पण इथल्या कवितावाल्यांना आवडेल. त्या हंगामात थॉर्प आणि मंडळींना टायपिंग, हिशेब, व्यवहारी पत्रं शिकवायला एक पंचविशीतली बाई होती. नाव मेरिअ‍ॅन मूर! पुढे अमेरिकन आधुनिक कवितेतलं मोठं नाव, पुलित्झर वगैरे. ती आईबरोबर कार्लाइल गावातच राहायची आणि १९११ ते १९१४ या शाळेत नोकरीला होती. खेळांचं वेड तिला जन्मभर पुरलं. ऐंशीच्या घरात असताना यांकी स्टेडियममध्ये बेसबॉलच्या हंगामाचा पहिला चेंडू तिच्या हस्ते टाकला गेला होता.

आणि एक शंका. या चर्चेत मुली कुठेच नाहीत. शाळेत मुलीही होत्या ना? फुटबॉलचा पैसा त्यांच्यापर्यंत पोचत होता का?

---

खेळिया

अबोलीताई, मूरबाईंबद्दल लिहिलंत ते उत्तम. पैशाचा प्रश्न मात्र या सगळ्या प्रकरणाची दुखरी नस आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिकिटांचा पैसा 'अ‍ॅथलेटिक फंडा'त जायचा. शाळा सरकारी, पण हा फंड सरकारी हिशेबाबाहेर. हंगामातले मोठे सामने परगावी का, तर गल्ला तिकडे. टोरंटोच्या त्या दोन दिवसांच्या धावपळीमागे दुसरं कारण मला तरी दिसत नाही. त्यातून काही चांगलंही झालं. शाळेत मूलनिवासी कला शिकवायला एक इमारत उभी राहिली आणि तिथे विनेबागो जमातीच्या एंजेल डी कोरा या चित्रकार बाई मुलामुलींना त्यांच्याच नक्षीकामाच्या परंपरा शिकवत. प्रॅट १९०४ मध्ये गेला होता, नाहीतर त्याने हे होऊ दिलं नसतं. पण फंडातला पैसा वर्तमानपत्रांतल्या लोकांनाही जात होता आणि इतरही बऱ्याच वाटांनी.

१९१४ च्या सुरुवातीला मुलांनीच याला वाचा फोडली. दोनशेहून जास्त विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला आणि त्यात पुढाकार होता गस वेल्शचा, आपल्या क्वार्टरबॅकचा. काँग्रेसची समिती चौकशीला आली. जेवण अपुरं, मारहाण, एका विद्यार्थिनीला झालेली बेदम शिक्षा, फंडाचा गोंधळ, सगळं साक्षीत आलं. खेळाडूंनी वॉर्नरविरुद्धही साक्ष दिली: शिवीगाळ करतो, हात उचलतो, हॉटेलांच्या लॉबीत तिकिटं विकतो. अधीक्षक मोझेस फ्रीडमनची खुर्ची गेली. वॉर्नर पुढचा हंगाम कसाबसा काढून १९१५ ला पिट्सबर्ग विद्यापीठात गेला आणि तिथे आणखी मोठा झाला.

शहाणे, म्हणून तुमच्या 'यंत्रणेचा विभाग' या म्हणण्याला माझं उत्तर वेल्श हे आहे. ज्या मुलाला त्यांनी आपलं दाखवायचं उदाहरण म्हणून देशभर फिरवलं, त्यानेच सगळी शाळा साक्षीच्या पिंजऱ्यात उभी केली. मैदानावर कप्तान थॉर्प असला तरी माझ्या लेखी त्या संघाचा मेंदू वेल्श. पुढे तो वकिली शिकला, डिकिन्सनमध्ये.

---

उंटावरचा_शहाणा

वेल्शचा मुद्दा मान्य. पण १९१२ मध्ये त्याला कुणी विचारलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं, ते आपण १९१४ वरून ठरवतोय. इतकंच नोंदवून ठेवतो.

---

स्वराली

पदकांचं प्रकरण याच हंगामाला लागून आहे ना? कुणीतरी नीट सांगा. मला इतकंच माहीत की त्याने कुठेतरी पैसे घेऊन बेसबॉल खेळला.

---

हॅरिसबर्गकर

स्वराली, हो, लागूनच. ब्राउनचा सामना २८ नोव्हेंबरला झाला आणि जानेवारी १९१३ मध्ये वूस्टरच्या एका वर्तमानपत्राने छापलं की थॉर्प १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यांत नॉर्थ कॅरोलायनात पगारी बेसबॉल खेळला होता. पगार किरकोळ. तेव्हा कॉलेजची कितीतरी मुलं उन्हाळ्यात हेच करायची, पण खोट्या नावाने. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला, म्हणून सापडला.

नियमाप्रमाणे तक्रार स्पर्धेनंतर तीस दिवसांत यायला हवी होती. सहा महिने उलटून गेले होते. तरी अमेरिकन संघटनेने स्वतःहून त्याला पुढे करून हात झटकले आणि पेंटॅथलॉन व डिकॅथलॉन दोन्हीची पदकं परत गेली. त्याच्या नावाने जे कबुलीपत्र गेलं त्यात 'मी एक साधा इंडियन शाळकरी मुलगा, मला हे नियम ठाऊक नव्हते' असा सूर आहे. ते पत्र त्याला कुणी लिहून दिलं असेल याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही. दोन वर्षं आपला सर्वोत्तम खेळाडू कुठे होता हे वॉर्नर आणि फ्रीडमनला माहीत नव्हतं, यावर ज्याला विश्वास ठेवायचा त्याने ठेवावा.

१९८२ मध्ये ऑलिंपिक समितीने निर्णय फिरवला, पण 'सहविजेता' म्हणून. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव परत लागायला जुलै २०२२ उजाडलं. तो स्वतः मार्च १९५३ मध्येच गेला होता. त्या वेळी व्हाइट हाउसमध्ये येऊन दोन महिने झालेले अध्यक्ष कोण होते? आर्मीचा तो कॅडेट.

---

टवाळखोर

म्हणजे नियम मोडणाऱ्या सगळ्यांत एकटाच खरं नाव सांगणारा आणि शिक्षाही त्याला एकट्यालाच. बरं झालं आपल्याकडे असं काही होत नाही.

---

अबोली

'हौशी' खेळाडूचं हे सोवळं मुळातच खात्यापित्या घरच्या लोकांसाठी होतं. ज्याच्या घरी पैसा आहे त्याला फुकट खेळायला काय जातंय. आणि शाळेने मात्र याच मुलांच्या खेळावर तिकीट लावून गल्ला भरायचा, तेव्हा कुणाला हौशीपणा आठवत नाही.

---

उंटावरचा_शहाणा

अबोली +१. या धाग्यात पहिल्यांदाच पूर्ण सहमत.

---

काका_कोल्हापूर

वाचता वाचता एक डोक्यात आलं. साधारण त्याच काळात आमच्याकडे शाहू महाराज बोर्डिंगं काढत होते. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चं, मग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशी एकामागून एक. पोरं घरापासून लांब, एकत्र राहून शिकायची, इथपर्यंत सारखं. पण तिथून शिकून पोरगं आपल्या माणसांत परत यावं आणि त्यांना वर ओढावं हा हेतू होता. कार्लाइलला पोरगं परत जाऊच नये असं वाटत होतं. बाहेरून दोन्ही वसतिगृहंच दिसतात.

बरं, थॉर्पसोबत त्याच शाळेचा आणखी एक गडी ऑलिंपिकला होता म्हणे, धावणारा. तो फुटबॉल खेळायचा का?

---

खेळिया

काका, तो लुई टेवानिमा. होपी जमातीचा, ॲरिझोनाचा. फुटबॉलचा आणि त्याचा संबंध नाही, अंगाने अगदीच किरकोळ होता. त्याची कथा थॉर्पपेक्षा कडू आहे. होपींमधल्या ज्या गटाने मुलांना सरकारी शाळेत पाठवायला विरोध केला, त्यातल्या तरुणांना १९०७ मध्ये सैन्याच्या पहाऱ्यात कार्लाइलला आणलं, त्यात हा होता. म्हणजे शाळेत आला तो जवळजवळ कैदी म्हणून. पाच वर्षांनी स्टॉकहोमला त्याच देशासाठी १०,००० मीटरमध्ये रौप्य. सुवर्ण फिनलंडच्या हान्नेस कोलेमाइनेनला.

थॉर्प आणि टेवानिमा परतले तेव्हा कार्लाइल गावात मिरवणूक निघाली. थॉर्प फुटबॉलच्या सरावाला लागला आणि टेवानिमा लगेच घरी गेला. सेकंड मेसावर मेंढ्या पाळल्या, शेती केली, होपींच्या धार्मिक विधींत राहिला, १९६९ पर्यंत जगला. या शर्यतीत त्याच्या वर जायला अमेरिकेला १९६४ उजाडलं. टोकियोत बिली मिल्सने सुवर्ण घेतलं, आणि तो ओग्लाला लाकोटा.

१९११ च्या हार्वर्ड सामन्याबद्दल (१८-१५, थॉर्पचे चार फील्ड गोल, म्हणजे लाथेने मारलेले गोल) मुद्दाम लिहिलं नाही, त्याच्यासाठी वेगळा धागा काढतो. कुणाकडे १९१४ च्या चौकशीतल्या साक्षी वाचून झाल्या असतील तर इथेच लिहा.